बाण उजवीकडे, पंखा डावीकडे

नाही नाही, मोटर खोलू नका हो वायरमन, मोटर ठणठणीत आहे. पाइपही तुंबलेला नाही. पंखा उलटा फिरतोय — त्या तीन वायरींतल्या कुठल्याही दोन आपसात बदला, संपलं. दोन मिनिटांचं काम. भुसा ओढायचं मशीन हे, उलटं फिरलं तरी थोडंफार ओढतंच, म्हणून कुणाला कळत नाही — जाड भुसा जातो पिशवीत आणि बारीक धूळ राहते हवेत. कुणी जोडलं? आमच्या धाकट्यानं, दुसरं कोण! खोक्यातून सुटे भाग काढले, माहितीपुस्तक मांडीवर घेतलं, दोन दिवसांत उभं केलं. बाबांनी अख्खी गल्ली बोलावली — "माझ्या पोराचे हात बघा!" म्हणे. अहो, वीस वर्षं या कारखान्यात मी रंधा मारतोय, ती करवत मी बसवली, हे टेबल मी केलं — माझे काय हात नाहीत, खुरं आहेत?

हेवा? छे, सख्खा भाऊ आहे माझा. … बरं, वाटतो. जळतो मी, झालं समाधान? लहानपणापासून तेच — त्यानं केलं की कौतुक, मी केलं की कर्तव्य. आणि बाबांचं तर विचारूच नका. डॉक्टरांनी बजावलंय, छातीत धूळ जाता कामा नये, म्हणून कायम नाकाला फडकं बांधून बसायचे. मशीन लागलं त्या दिवशी फडकं खुंटीला टांगलं — "आता कशाला? धाकट्यानं सोय केलीय" — आणि स्टूल ओढून बसले थेट करवतीशेजारी! तीन आठवडे. हा खोकला ऐकताय ना पलीकडून? तेच ते. काल जिना चढताना दोनदा बसले.

मग काल धाकटा गेला त्यांच्यापुढे, डोळ्यांत पाणी — "बाबा, जोडताना माझंच काहीतरी चुकलंय." म्हटलं, आता तरी बोलणी खाईल. तर बाबा काय म्हणाले असतील? "चूक कबूल करायला छाती लागते!" घ्या! चुकला तरी पाठ त्याचीच थोपटली. मग मी इतके दिवस थांबलो ते कशासाठी — म्हणजे, थांबलो म्हणजे… कामं होती हो.

बदलल्यात? करा चालू. — बघा! कागद कसा ओढला हातातून! म्हटलं नव्हतं? न उघडता कसं ओळखलं? त्यात काय एवढं, पंख्याच्या डब्यावर बाण आहे, तो बघा, उजवीकडे. आणि बटण बंद केलं की पंखा थांबता थांबता जाळीतून दिसायचा, डावीकडे फिरताना. मी तर पहिल्याच दिवशी पाहिलं, इकडे गल्ली टाळ्या वाजवत होती तेव्हाच —

असं काय बघताय? सांगणारच होतो मी. दोन दिवसांनी. त्याची जरा फजिती होऊ दे, एवढंच मनात होतं. मग बाबा खोकायला लागले, तेव्हा तर सांगायलाच — पण तेव्हा विचारलं असतं ना त्यांनी, की आधी का नाही बोललास? काय उत्तर देणार होतो? तुम्ही सांगा, काय देणार होतो?

झालं ना तुमचं काम? मग आवरा पिशवी, निघा. — अहो, त्या दारानं नको. तिकडे बाबा बसलेत. इकडून जा, मागून.