ड्रायव्हर लोक चित्रं बघायला आले तेव्हा

...नाही, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? चित्रांच्या संग्रहालयात नोकरी म्हटलं की लोकांना वाटतं, वा, काय मजा, दिवसभर चित्रं बघायची! अहो, कसली चित्रं! माझी खोली जिन्याखाली, तिच्यात घडीच्या खुर्च्या, वाळलेले रंग आणि मी. दारावर पाटी, 'शिक्षण व लोकसंपर्क विभाग'. विभाग म्हणजे मीच! सासूबाई अजून शेजारणीला सांगतात, "सून म्युझियममध्ये असते, पण तिथे काय करते ते विचारू नका, आम्हीपण विचारत नाही."

तर तुम्हाला सांगते, एक दिवस आमचे संचालक खाली आले. खाली आले म्हणजे काय, जिन्यावरूनच ओरडले, "ज्यांनी जन्मात इथे पाऊल टाकलं नाही अशी माणसं आणा! खरीखुरी!" खरीखुरी! म्हणजे आजवर येत होती ती काय मेणाची होती? पण आणली हो मी. समोरच बस डेपो. तिथले ड्रायव्हर वर्षानुवर्षं आमच्या फाटकाला पाठ टेकून चहा पितात, आत म्हणून कोणी डोकावत नाही. गेले त्यांच्या कँटीनमध्ये. "या ना, चित्रं बघायला!" सगळे असे बघतायत, जशी मी विमाच विकायला आलेय! एक म्हणतो, "चपला काढाव्या लागतात का?" दुसरा म्हणतो, "आत बोलायचं नसतं म्हणे. मग आमचा हा मरेल की!" आणि त्यांच्यातले सगळ्यात जुने, हॉर्नदादा म्हणतात त्यांना, ते म्हणाले, "ताई, आम्हाला त्यातलं काही कळत नाही." मी म्हटलं, "दादा, मला तरी कुठं सगळं कळतं? आधी बघू तर खरं!" हसले! हसले म्हणजे आलेच की हो!

आणि आले. सुट्टीच्या दिवशी. काय नटून आले! इस्त्रीचे शर्ट, गुळगुळीत दाढ्या, एकानं तर अत्तर असं चोपडलेलं की आमचा रखवालदार शिंकत सुटला. शिंकता शिंकता ओरडतोय, "रेषेच्या मागं! मागं सरा!" मी माणसं चित्रांजवळ आणायची आणि त्यानं लांब हाकलायची, आणि दोघांचा पगार एकाच खिडकीवर! सांगा, माझं काय चुकलं?

हॉर्नदादा एका चित्रासमोर थांबले ते थांबलेच. संध्याकाळचा रिकामा रस्ता, बास, दुसरं काही नाही त्यात. मी माहिती द्यायला पुढे सरसावले. तर तेच हळूच म्हणाले, "सगळ्या शहराला हिंडवलं मी. बायको म्हणते, मला कुठं नेलंत? रविवारी तिला घेऊन येऊ का? चालेल ना?" चालेल ना! अहो, इतक्या वर्षांत मला हे कोणी म्हणजे कोणी विचारलं नव्हतं...

तेवढ्यात संचालक, मागे फोटोवाला. फोटोवाला सगळ्यांवरून नजर फिरवतो, कॅमेरा खाली घेतो, "ड्रायव्हर कुठायत?" मी म्हटलं, "हे काय!" "हे? हे तर पाहुणे वाटतात. युनिफॉर्म कुठंय? ड्रायव्हर दिसायला नकोत?" मला वाटलं, संचालक आता याला झापणार. झापतायत! त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला, "डेपो समोरच आहे ना, पटकन बदलून या. आणि केस जरा... इतके चापून चोपून नकोत." मी मध्ये पडले, "सर, ते बघायला आलेत, दाखवायला नाही!" ऐकतंय कोण! दादांनी खांद्यावरचा हात अलगद उतरवला, बाही सरळ केली, मला म्हणाले, "येतो हं, ताई." येतो म्हणाले... आणि गेले. एकामागोमाग सगळे. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो! आवाजसुद्धा चढवला नाही कोणी.

रविवारी मी फाटकात उभी. उन्हात. नवरा-बायको दिसले की पुढे धावतेय, "या, या!" आणि ते विचारतायत, "बाथरूम कुठंय?" दादा आले नाहीत. मीच कँटीनमध्ये गेले, तर सगळ्यांचे चहा एकदम संपले. सांगा, माझं काय चुकलं?

आणि फोटो? तो झालाच की! आमच्याच रखवालदाराला ड्रायव्हरची खाकी चढवली आणि चित्राच्या नाकाशी नेऊन उभा केला. मोठ्ठं पोस्टर झालं. आणि लावलं कुठं असेल? बसच्या पाठीवर! डेपोतल्या एकूण एक बसच्या!

काल स्टॉपवर उभी होते. बस आली, मी हात केला. स्टिअरिंगवर हॉर्नदादा. त्यांनी पाहिलं मला, अगदी डोळ्यांत डोळे घालून पाहिलं... मान वळवली, आणि बस पुढे. मी पर्स सांभाळत मागे धावतेय, समोर आमच्या रखवालदाराचा हा एवढा थोरला चेहरा, आणि त्याच्याखाली मोठ्ठ्या अक्षरांत, 'या, अजून जवळ या!'

धावले हो... काय करणार? नोकरीच तसली आहे!