लिलीच्या कुंड्या

तासाभरात सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. नर्स त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळत होती आणि त्या सुनेला बजावत होत्या.

“तीन महिने लिलीला थेंबभरही पाणी नको.”

“आई, पानं पार वाळलीत हो.”

“वाळू देत. लिलीचा कांदा मातीत झोपलाय.”

“आजी, दाब मोजताना बोलू नका.”

“मग तूच थांब जरा. मागच्या वर्षी हिच्या नवऱ्याला माया आली, रोज तांब्याभर ओतलं. सगळे कांदे कुजले, नवे आणून लावावे लागले!”

“लोक म्हणतील, सासू दवाखान्यात आणि सुनेनं झाडं मारली.”

“म्हणू देत. कोंब आला की पाणी.”

“आणि मला कोंब ओळखताच आला नाही तर?”

“तुला कशाला ओळखायचाय? तोवर मी घरी असेन.”