आखूड पायांची

डिचोलीतल्या गुरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बोकड घेऊन आलेले पांडुरंगकाका बसले होते. पलीकडे नार्व्याची सुमंगला, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली कुत्री.

“बाय, हिचे पाय एवढे आखूड कसे?”

“जातच तशी, काका. कॉर्गी म्हणतात. विलायतेच्या राणीच्या महालात हीच कुत्री असायची.”

“राणीला दुसरं कुत्रं मिळालं नाय?”

“आमच्याकडेही ही सोफ्यावरून उतरत नव्हती. काल भरतीला शेताचा बांध फुटला, गुरं पाण्यात अडकली. हाका मारून ह्यांचा घसा बसला, पण एक गाय हलली नाय. ही धावत गेली, आणि मागच्या पायांना चावत सगळी रस्त्यावर आणली.”

“शिकवलं कोणी?”

“कोणी नाय. हिनं गाय कधी जवळून बघितलीसुद्धा नव्हती. माझी लेक म्हणते, ह्या जातीचं मूळचं कामच ते. पाय आखूड, म्हणून गायीची लाथ डोक्यावरून जाते.”

“मग हिला लागलं कसं?”

“वासरू बुडत होतं. त्याला वर ढकलायला हिनं मान उचलली, आणि त्याच्या आईची लाथ बसली.”

आतून हाक आली.

“पांडुरंग गावस, बोकड आणा.”

“बोकड थांबेल. आधी राणीसाहेबांना घे.”