पोटातली ताई

हॅलो? … कोण? वहिनी? … अगं मोठ्यानं बोल, इथे दुकानात इस्त्रीची वाफ सुटलीय… काय? बाथरूममध्ये कोंडून घेतलंस? कडी लाव आधी! दोन्ही लाव!

ढोल्या दार फोडतोय? माझा भाऊ? … हातोड्यानं?

आणि हा आवाज कसला? … कपाटाची काच. बरं, गेली. तुला लागलं का? … मग दाराखालून रक्त कुणाचं येतंय? … त्याच्याच हाताचं? वाहू दे जरा, माज उतरेल.

हो, हो… अगं ऐक ना, रडू नकोस. नीट सांग. … बुटात? गोळ्या बुटात लपवल्या होत्या? … म्हणजे डॉक्टरांनी डोस निम्मा केला, तू निम्माच देत होतीस, आणि हा मागून बाकीच्या गिळत होता! … तू संडासात टाकून पाणी सोडलंस? शाबास!

काय ओरडतोय? 'ताईला मारायला निघालीस'?

… नाही हो मामा, मला कोण मारतंय. तुम्ही तुमचे इस्त्रीचे कपडे मोजून घ्या. माझी किडनी आहे ना त्याच्या पोटात, तिला घरात ताई म्हणतात. ताईला पाणी पाजतो, ताई आज खूश आहे… हो, वेडच आहे.

अगं, स्पीकरवर टाक. दाराला लाव फोन.

ए ढोल्या! खरी ताई बोलतेय. हातोडा खाली ठेव. … ठेव म्हणते ना! नाहीतर तिथे येऊन त्यानंच तुझं टाळकं फोडीन!

गप्प. मानेत गाठी कशानं आल्या? त्या गोळ्यांनीच ना? शरीरानं किडनीवर हल्ला करू नये म्हणून त्याची ताकद दाबली. इतकी दाबली की आतला एक फालतू विषाणू मोकाट सुटला, त्यानंच या गाठी आणल्या. गोळ्या कमी केल्या तर गाठी विरतील, नाहीतर त्या तुला खाऊन टाकतील. … हो, किडनीही जाईल कदाचित. मग जाऊ दे!

… काय? पुन्हा बोल. … 'मी मेलो तरी चालेल, ताई जगली पाहिजे'?

… अरे गाढवा. मी पोट फाडून घेतलं ते काय तिच्यासाठी? ती गेली तर डायलिसिसच्या मशीनवर बसशील, मी शेजारी बसून शिव्या घालीन. पण तू गेलास तर ती कुठे राहणार आहे रे? तुझ्याबरोबरच जळेल ना?

… हॅलो? … ढोल्या?

… हातोडा पडला. आवाज ऐकला मी.

अगं थांब, उघडू नकोस! शेजारचे आले का? … हातोडा त्यांच्या हातात गेला? नक्की? … मग उघड.

हात नळाखाली धर त्याचा. आता गोळी दे. एकच. … गिळली? जिभेखाली बघ, लहानपणापासूनचा लबाड आहे.

… काय म्हणतोय? 'ताईला सॉरी'? मग दे ना फोन त्याच्याकडे. …

नको? … पोटावर हात ठेवून बोलतोय?

… बरं. बोलू दे. ठेवते मी.