तो ऊस तोडत होता

सभापतीसाहेब, नगराध्यक्ष, स्टेजवरची सगळी मंडळी, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या बाया-बापड्यांनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. 'सिस्टर, महाराजांची सेवा तुम्ही केलीत, तुम्ही बोलायलाच हवं,' असा निरोप आला. मी नर्स आहे. मेलेल्या माणसाजवळ उभं राहायची मला सवय आहे. तरी आज पाय उचलत नव्हता. दुःख आहेच, पण त्याहून जास्त किळस आहे. खोटं कशाला बोलू? हा मांडव, हा लाउडस्पीकर, हा उदबत्त्यांचा धूर, आणि मधे हारांखाली दिसेनासा झालेला तो तांब्याचा कलश. त्यात एका माणसाच्या अस्थी आहेत. तासभर भाषणं झाली. त्या माणसाचं नाव एकानंही घेतलं नाही.

त्याचं नाव मारुती.

कुजबुज ऐकू येते मला. बसा, जरा बसा. महाराजांचा अपमान करायला मी आले नाही. महाराज नावाचं इथं कुणी नव्हतंच, तर अपमान कुणाचा करणार?

मारुती जामखेडच्या पलीकडचा. घरची जमीन कोरडवाहू, म्हणून दरसाल बैलगाडीत संसार घालून आपल्या कारखान्याच्या उसावर यायचा. एका हंगामात त्याचं डोकं फिरलं. टोळी परत गेली, हा मागं राहिला. फिरत फिरत आपल्या पेठेत आला. अंगावर कपडा ठेवीना, जेवण घेईना. तेव्हा तुम्ही त्याला काय दिलंत? दगड दिलेत. मी धुतल्यात त्या जखमा. मग कुणीतरी त्याच्या पुटपुटण्यातला एक आकडा मटक्यावर लावला, तो लागला, आणि दुसऱ्या दिवशी वेड्याचा महाराज झाला.

काय करायचे हो महाराज? आठवा जरा. कमरेत वाकायचे. डाव्या मुठीत काहीतरी धरायचे. उजवा हात बुडाशी मारायचे, मग शेंड्याशी मारायचे, आणि मुठीतलं मागं टाकायचे. तुम्ही म्हणालात, महाराज प्रसाद टाकतात! त्याच्या पाठीमागं उभं राहायला ढकलाढकली. ओंजळी धरून उभे राहायचात!

अहो, तो ऊस तोडत होता!

बुडख्याला कोयता, वाढ्याला कोयता, ऊस मागं. आणि ते पवित्र आकडे? मोळ्या मोजत होता बिचारा. या मांडवात निम्मे लोक ऊस लावणारे आहेत. तुमच्या बांधावर असली माणसं चार-चार महिने राबतात. एकालाही ओळखू आलं नाही? कसं येणार? तुम्ही वजनकाट्याकडे बघता, तोडणाऱ्याकडे कधी बघितलंत?

आता आमच्या कामाचं सांगते. रस्त्यावरच्या वेड्या, बेघर माणसांना गोळा करायचं, आंघोळ घालायची, महिन्याला पुण्याहून येणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचं, गोळ्या द्यायच्या, आणि जमलं तर घर शोधून पोचवायचं. पंचायत समिती आणि नगरपालिका, दोघांनी मिळून हे काम आमच्या संस्थेला करार करून दिलं होतं. उपकार नव्हता तो. काम होतं, आणि आम्ही ते करत होतो.

मारुतीला आम्ही संस्थेच्या खोलीवर आणला. पहिले आठ-पंधरा दिवस मला चावायला धावला. मग झोपायला लागला. मग जेवायला लागला. आणि एका सकाळी मी भाकरी वाढत होते, तर मान खाली घालून म्हणाला, "सिस्टर, आमची टोळी कुटं गेली?"

मी म्हटलं, "तुझं नाव काय रे?" म्हणाला, "मारुती." गाव सांगितलं. म्हणाला, "भन हाय मला, सोजर. लई वाट बगत आसंल. तिला म्हनावं, मी हाय."

मी हाय! अहो, यापेक्षा मोठं काय बोलतो माणूस?

मी जामखेडच्या एसटीच्या कंडक्टरजवळ सांगावा धाडला. पण दुष्काळ पडलेला. गाव रिकामं. सोजरबाई कुठल्याशा तलावाच्या कामावर खडी फोडायला गेलेली. सांगावा नुसताच फिरत राहिला. मारुती रोज दाराशी बसायचा, सदरा घालून, केस विंचरून.

आणि पेठेत काय झालं? पेठ नाराज झाली. एक दुकानदार मला तोंडावर म्हणाला, "सिस्टर, महाराज बरे झाले आन् गुरुवारचं गिऱ्हाईक तुटलं." पेढे खपेनात, नारळ खपेनात. एक जण खोलीवर आला, मारुतीला खुणा करून विचारायला लागला, आकडा काय? मारुती त्याला म्हणाला, "मला काय ठावं बाबा, मी उसाचा मानूस." तो थुंकून गेला.

त्याच सुमारास आमचं अनुदान बंद झालं. मी सभापतीसाहेबांकडे गेले. साहेब, इथंच बसला आहात, म्हणून समोर सांगते. तुम्ही वाईट बोलला नाहीत. चहा दिलात. म्हणालात, "सिस्टर, दुष्काळ आहे. शहाण्यांना खायला नाही, वेड्यांवर काय खर्च करायचा?" दुष्काळ मलाही दिसत होता. नगरपालिकेत गेले, तर तिथं म्हणाले, हा माणूस आमच्या हद्दीतला नाही, पंचायत समितीला विचारा. समिती म्हणाली, वेडे सरकारचे, सरकारला विचारा. टोलवाटोलवी नुसती. जिवंत मारुती कुणाच्याच हद्दीत बसेना!

डॉक्टर यायचे थांबले. गोळ्या संपल्या. मी इकडून-तिकडून आणल्या, त्याही संपल्या. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत तो गेला. आत्ताचं जाणं नाही म्हणत मी, ते पहिलं जाणं. आधी झोप गेली. मग बोलणं गेलं. मग एक दिवस सदरा काढून ठेवला, नीट घडी करून, आणि पेठेत जाऊन वाकला. बुडखा, वाढा, मागं.

पेठेत फटाके वाजले. महाराज परत आले म्हणून! एका माणसाचं डोकं दुसऱ्यांदा फिरलं, आणि तुम्ही फटाके लावलेत.

थंडी होती. त्याला खोकला होता. अंगात ताप होता, मी हात लावून बघितला होता, मी सांगितलं होतं. त्या गुरुवारी तुम्ही त्याला पाटावर बसवलंत आणि अभिषेक घातलात. घागरीवर घागरी. पाणी कुठून आलं? टँकरचं. गल्लीतल्या बायका हंड्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या, आणि इथं थंड पाणी तापलेल्या माणसावर ओतलं जात होतं. तो थरथरत होता, तर तुम्ही म्हणालात, अंगात संचार झाला!

संचार नव्हता. न्यूमोनिया होता.

काल मला एक गृहस्थ म्हणाले, "सिस्टर, तुम्ही चर्चला जाणाऱ्या, तुम्हाला महाराज काय कळायचे?" खरं आहे बाबा. मला महाराज कळत नाहीत. मला नाडी कळते. शेवटच्या रात्री ती माझ्या बोटांखाली होती.

आणि आता ऐकते की पेठेत समाधी बांधायची. जागा मंजूर. ठराव एकमतानं. वर्गणी पण सुरू झाली म्हणे. जागा आहे, सिमेंट आहे, घुमट आहे! वेड्यांवर खर्च करायला दुष्काळ आडवा येतो, मेलेल्या वेड्यावर कळस चढवायला येत नाही? थूत् अशा भक्तीवर! माफ करा, मांडवात बोलू नये असं बोलले. पण दुसरा शब्द माझ्याजवळ नाही.

आता शेवटचं. त्या खांबाजवळ एक बाई बसली आहे. हिरवं लुगडं, पायात काही नाही. तिला कुणी खुर्ची दिली नाही. ती सोजरबाई. सांगावा शेवटी पोचला तिच्यापर्यंत. काल सांजच्या एसटीनं उतरली, भावाला न्यायला. सोबत त्याच्यासाठी धोतर आणलंय.

सकाळी ती समाधी बांधणाऱ्या मंडळींकडे अस्थी मागायला गेली. म्हणाली, "मला माझा भाऊ घरी न्यायचाय. मंग तुमी हितं काय बी बांदा." त्यांनी काय उत्तर दिलं ठाऊक आहे? "बाई, आता ते तुमच्या एकटीचे न्हाईत. समद्या गावाचे हायेत."

समद्या गावाचे! बरं झालं, ठरलं एकदाचं. मेल्यावर का होईना, हद्दीत बसला.

सोजरबाई, उठा. या इकडं. घाबरू नका. वाट द्या हो तिला, पाय आवरा. हे हार मी काढते. असे. हा कलश घ्या. नाही, पाया पडू नका माझ्या. हलका आहे, बघा. तुमच्या त्या धोतरात बांधा.

कुणी पुढं येऊ नका. साहेब, तुम्हीही नका.

सगळे उभे राहा. स्टेजवरचेसुद्धा. दोन मिनिटं वगैरे मोजायची नाहीत. ही बाई मांडवातून निघून स्टँडवर पोचेपर्यंत कुणी शब्द काढायचा नाही. जयजयकार नाही, टाळी नाही. कलशाला कुणी हात लावायचा नाही, काही मागायचं नाही.

जा, सोजरबाई. त्याला जपून न्या.

मारुती, तुझी सोजर आली रे.