हॉटेलातलं ऊन

चहा पाजलात म्हणून सांगतो, नाहीतर हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

गेल्या थंडीत माझ्या भाच्याने, बाबल्याने, आपल्या हॉटेलच्या जेवणघरात इन्फ्रारेड हीटर बसवले. छताला नुसत्या पांढऱ्या फळ्या, ना जाळ ना धूर. मला म्हणाला, "मामा, ह्यो हवा तापयत नाय. उन्नासारखो सरळ आंगाक लागता."

खाली बसलो आणि खरंच, बायकोबरोबर घरापुढच्या खळ्यात उन्हाला बसायचो तशी पाठ शेकली. ती दरवर्षी मुंबईच्या लेकीसाठी खारे बांगडे सुकवायची. ती गेली, म्हणून मी पहिल्यांदाच मिठात घातले, आणि नेमका अवकाळी पाऊस. सकाळी भाचा बाजारात गेला, तेवढ्यात दोरी बांधून सगळे बांगडे त्या फळ्यांखाली टांगले.

नाश्त्याला आलेले पाहुणे नाक धरून बाहेर पळाले. भाचा ओरडला, "मामा, ह्यो माणसांसाठी आसा!"

"तूच सांगलंस मां, उन्नासारखो म्हणान? उन्नात तू काय पावणे सुकयतस?"

त्याने बांगडे मांजरांना टाकले. लहानपणी मामीचा भाजलेला खारा बांगडा असल्याशिवाय पेजेला हात न लावणारा हा! लेकीचा डबा त्या खेपेला गेला नाही. मामीच्या फोटोसमोर उभं राहून माफी मागायची अजून बाकी आहे, ती या बाबल्याने.