केळीची पिलं

आमच्या केळीच्या मुलखातला, असोद्याचा माणूस केळीच्या झाडाजवळून नुसता जाऊच शकत नाही, हे मला मोंबासात चांगलंच महागात पडणार होतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमचे आबा महिनाभर माझ्याकडे राहायला आले. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला. "खारं पानी, वावराच्या काय कामाचं?" म्हणाले आणि घरी परतले.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो, तर घरमालकीण झैनबबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी. तिच्या परसातल्या केळीभोवती फुटलेली सगळी पिलं, म्हणजे कोवळे कोंब, आबांनी मुळासकट खणून ओळीनं मांडून ठेवली होती.

"बापाला घे आणि आजच्या आज घर सोड!" ती कडाडली.

मी तिची माफी मागू लागलो. या बाईनं मला मलेरियात पंधरा दिवस पेज पाजली होती. आबा मात्र शांत. "तिले सांग, सगयी पिलं बुडाशीच ठेवली तं घड भरीन कसा?"

मी तिच्या भाषेत सांगितलं. ती आणखीच भडकली. "म्हणून लेकरं उपटून फेकायची?"

"फेकत नाही, म्हन," आबा म्हणाले. "दुसऱ्या वावरात लावतो. चार दिवस मान टाकतं, पन पानी घालनारं कोनी असलं तं मूय धरतं."

हेही सांगितलं. झैनबबाईनं कमरेवरचे हात खाली घेतले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत म्हणाली, "मग सांग त्यांना, त्यांच्या एका पिलाला चार वर्षं मीच पाणी घालतेय."